आमचा वेल्डर कप्तान

सोयाबीन निघालं, दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला, की आमच्या टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोस्टर यायला लागायची. आज मानवतकडचं, उद्या जिंतूर रोडचं, परवा गंगाखेडकडचं. टेनिस बॉल, आठ षटकं, पंचांचा निर्णय अंतिम. पोस्टरवर बॅट-बॉलपेक्षा पुढाऱ्यांचे फोटो जास्त. तिथून मेच्या मध्यापर्यंत आमचा एकही रविवार घरी जायचा नाही.

झरीत माझं खता-बियाण्यांचं दुकान आहे. पेरणीच्या दिवसांत मला पाणी प्यायला उसंत नसते, त्यामुळे वर्षभराचं खेळणं मी या सहा महिन्यांत उरकून घ्यायचो. टीममध्ये आम्ही तेराजण. कप्तान आमचा टेम्पोवाला. आठवडाभर तो परभणीच्या मार्केटला भाजीपाला न्यायचा आणि शनिवारी संध्याकाळी टेम्पो धुऊन त्यात ताडपत्री अंथरायचा. टेम्पो त्याचा, म्हणून कप्तानही तोच, असा साधा हिशोब होता. माणूस अंगानं जाड, आवाजानं त्याहून जाड. आमची सगळी टीमच मोठ्यानं खेळणारी. 'माझा, माझा', 'दोन पळ', 'मागं बघ', नुसता कालवा. समोरची टीम म्हणायची, झरीवाले आले की स्पीकरची गरज न्हाई.

या कालव्यात एकजण असा होता, ज्याला यातलं काहीच ऐकू यायचं नाही.

तो गावातला वेल्डर. बसस्टँडच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये तो गेट, खिडक्या, नांगराचे फाळ जोडायचा. वय तेव्हा सव्वीस-सत्तावीस. जन्मापासून बहिरा. परभणीला कर्णबधिरांच्या शाळेत सातवीपर्यंत राहून आलेला. गाव त्याला 'मुका' म्हणायचं. आम्हीही म्हणायचो. आज हे लिहिताना बरं वाटत नाही, पण म्हणायचो हे खरं आहे.

आमच्या काळ्या मातीच्या मैदानात उन्हाळ्यात स्टंप रुतत नाहीत. म्हणून आम्ही त्याच्याकडून लोखंडी बैठकीवर उभे राहणारे स्टंप करून घेतले. ते द्यायला तो मैदानावर आला, बैठक नीट बसते का हे बघितलं, आणि जाता जाता कुणाच्या तरी हातातला बॉल घेऊन चार पावलांवरून टाकला. त्याचेच स्टंप खण्णकन आडवे झाले. कप्तानानं त्याला पुन्हा बॉल दिला. पुन्हा खण्ण. त्याच रविवारी तो आमच्या टेम्पोत होता.

त्यानंतरची चार वर्षं तो आमचा सगळ्यात वेगवान बोलर राहिला. त्याच्याशी बोलायला आम्ही आमच्या आमच्या खुणा केल्या होत्या. बॉल हातात दिला की 'टाक'. चांगला पडला की अंगठा वर. बॉलिंग संपली की लांब सीमारेषेकडे बोट दाखवायचं. जवळ उभा केला आणि 'माझा' ऐकू न आल्यानं कुणावर तरी आदळला तर, म्हणून त्याला आम्ही कायम लांब, एकटा उभा करायचो. तो कधीकधी कप्तानाजवळ येऊन हातवारे करायचा, कप्तान अंगठा दाखवायचा, आणि तो परत जायचा. आपल्यात सगळं कळतंय असं आम्ही धरून चाललो होतो.

मग एका जानेवारीत गंगाखेडच्या अलीकडच्या एका गावात उपांत्य सामना होता. चारी बाजूंनी ऊस, मध्ये जिल्हा परिषदेची शाळा आणि तिचं मैदान. शाळेच्या व्हरांड्यात त्या दिवशी पोलिओचा डोस पाजायचं केंद्र होतं, त्यामुळे कधी नव्हे त्या बायकाही कडेवर लेकरं घेऊन मॅच बघत उभ्या होत्या.

समोरच्यांना दहा चेंडूंत चौदा धावा हव्या होत्या आणि त्यांचा सगळ्यात तगडा फलंदाज खेळत होता. बॉलिंगला आमचा वेल्डर. तो धावत आला, बॉल टाकला, आणि फलंदाजाचा मधला स्टंप उडाला. आम्ही सगळे ओरडत त्याच्या अंगावर जाऊन पडलो. कुणी पाठ थोपटली, कुणी उचलला. तेवढ्यात कप्तानाचं लक्ष पंचाकडे गेलं. पंचानं हात आडवा धरला होता. नो-बॉल.

पंच त्याच गावचा. झालं.

"आता वरडायलास व्हय? दांडी उडाल्यावर?" कप्तान त्याच्या अंगावर धावून गेला.

"मी आधीच वरडलो. तुमच्या कालव्यात ऐकू येतंय का?" पंच म्हणाला.

तिकडून त्यांचे चार, इकडून आमचे सहा. वेल्डर आमच्या मिठीतून कसाबसा सुटला आणि मध्ये घुसला. चुन्याच्या रेषेकडे बोट दाखवत, पंचाकडे बोट दाखवत, छातीवर हात आपटत तो जीव तोडून हातवारे करत होता. कप्तानानं त्याचा हात धरून वर केला. "बघा! ज्याला बोलता येत न्हाई, त्याच्यावर अन्याव करायलात! रडकुंडीला आलं लेकरू!" वेल्डरनं हात हिसडला. कप्तानाला ओढत रेषेपाशी नेलं आणि मातीतली पायाची खूण दाखवली. "बघा, पाय आत हाय म्हणून दाखवायलाय," कप्तान म्हणाला. मीही मान डोलावली.

व्हरांड्यातून एक बाई तडक मैदानात आली. त्या गावची आशाताई, डोस पाजायला बसलेली. तिशीची असेल. आमच्या घोळक्यात शिरून म्हणाली, "थांबा जरा. तो काय म्हणायलाय ते ऐका तरी."

"ताई, त्याला बोलता येत न्हाई," कप्तान म्हणाला.

"मघापासून बोलायलाच लागलाय की."

ती वेल्डरसमोर उभी राहिली आणि तिनं हात हलवले. आमच्यासारखं नाही. भरभर, मोजूनमापून, बोटांनी, मनगटांनी, भुवयांनी. मग वेल्डरचे हात असे सुटले की बघतच राहावं. चार वर्षांत मी त्याला एवढं बोलताना पाहिलं नव्हतं. ती मध्ये एकदा हसली, मग तोंड आवरून आमच्याकडे वळली.

"तो म्हणायलाय, पंच बरोबर हाय. माझा पाय पुढं पडला, टाचसुदिक पुढं होती. मी मघापासून सांगायलो, हे लोक ऐकंनात. आन त्या टेम्पोवाल्याला म्हणावं, वरडू नको, लोक हसायलेत."

मग व्हरांड्यातली एक म्हातारी खुदकन हसली आणि हसू पसरत गेलं. कप्तान आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. पुढच्याच चेंडूवर त्या फलंदाजानं षटकार मारला आणि शेवटी आम्ही हरलो.

सामना संपल्यावर आशाताईनं आम्हाला शाळेच्या पायऱ्यांवर चहा पाजला. तिचा धाकटा भाऊ बहिरा. तोही परभणीच्याच शाळेत शिकलेला, आता पुण्यात कारखान्यात कामाला. त्याच्यासाठी ही भाषा सगळ्या घरानं शिकून घेतली होती.

"किती वर्षं खेळायलाय हा तुमच्यासंग?" तिनं विचारलं.

"चार," मी म्हणालो.

"आन तुमी याला काय म्हणता?"

कुणीतरी खालमानेनं सांगितलं, "मुका."

तिनं हात मांडीवर ठेवले. "हे मी त्याला सांगत न्हाई," ती म्हणाली. पण वेल्डर त्या बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघत होता. तेवढा एक शब्द ओठांवरून वाचायला तो लहानपणीच शिकला असणार. तो नुसता हसला आणि भुवईवर बोट टेकवून दाखवलं. तिथं जुना कापल्याचा व्रण होता. "हे त्याचं नाव," ताई म्हणाली. "शाळेत पोरांनी ठेवलेलं. यांच्यात समद्यांना खुणेचं नाव असतंय."

मग ती काहीतरी विचारायला लागली आणि वेल्डर एकेकाकडे बोट दाखवून सांगायला लागला. चार वर्षांत त्यानं आम्हा प्रत्येकाला नाव ठेवलं होतं. कप्तानाचं नाव होतं स्टेअरिंग फिरवून पोटावर हात. आमचा यष्टिरक्षक दर षटकाला केसांवरून कंगवा फिरवायचा, त्याचं नाव कंगवा. माझ्याकडे बोट आलं तेव्हा त्यानं दोन्ही हातांची ओंजळ केली, आणि ती खालून उघडली.

"तुमच्या हातून कॅच लय सुटत असतील," ताई म्हणाली.

सगळे हसले. मीही हसलो. परत येताना मात्र मला एकच लागलं होतं. ज्यानं आमच्या एवढ्या बारीकसारीक गोष्टी टिपल्या, त्याच्याविषयी आम्हाला तो जोरात बॉल टाकतो याच्यापलीकडे काही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान नोकरावर सोपवून मी त्याच्या शेडमध्ये गेलो. लिहिणं त्याला जमायचं, पण जोडाक्षरांशी अडायचं, आणि आमच्या मराठीत तो पाहुण्यासारखाच वावरायचा. मी लोखंडी पत्र्यावर खडूनं लिहिलं, 'आधी का नाही सांगितलंस?' त्यानं वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवला, वाचलं, आणि खाली लिहिलं, 'सांगत होतो. तुम्ही अंगठा दाखवत होता.'

त्या दिवसापासून मी रोज दुपारी अर्धा तास तिथं जायला लागलो. ताईचा भाऊ आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉलवर यायचा, माझ्या खुणा बघून कपाळावर हात मारायचा. माझी बोटं पिशव्या शिवण्यात आणि पावत्या फाडण्यात गेलेली, त्यांना वळणच नव्हतं. 'उद्या' म्हणायला जायचो आणि भलतंच काही निघायचं. वेल्डर माझा हात धरून अंगठा सरळ करायचा. हळूहळू यष्टिरक्षक आला, मग आणखी तिघं. सगळ्यात शेवटी कप्तान. "माझी बोटं जाड हायेत, मला जमायचं न्हाई," असं म्हणत आला आणि आमच्यात सगळ्यात लवकर तोच शिकला. टेम्पो चालवताना दोन्ही हात अडकलेले, म्हणून काही बोलायचं झालं की तो रस्त्याच्या कडेला टेम्पो लावायचा, वेल्डरशी बोलून घ्यायचा, आणि मग पुढं निघायचा. परभणीला जायला आम्हाला दुप्पट वेळ लागायला लागला.

वेल्डरला बोलायला माणसं मिळाली, तेव्हा त्यानं पहिलं काय सांगितलं असेल? तुमचं क्षेत्ररक्षण चुकतंय. शेडमधल्या टेबलावर त्यानं नऊ नट मांडले, मध्ये दोन बोल्ट उभे केले. लांब एकटं उभं राहून चार वर्षं त्यानं जे बघितलं होतं, ते सगळं त्या टेबलावर आलं. पाथरीकडचा डावखुरा सलग दोन चेंडू नुसते अडवले की तिसऱ्याला पुढं येतो. जिंतूर रोडच्या टीमचा सलामीवीर घाबरला की आधी ग्लोव्हजचा पट्टा ओढतो. कंगवा डावीकडचे बॉल सोडतो, कारण त्याच्या डाव्या गुडघ्यात काहीतरी आहे, त्याला दवाखान्यात न्या. कंगव्यानं हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं. तो खुर्चीवर बसला आणि गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "दोन वर्षं दुखायलाय."

कप्तानानं पुढच्याच रविवारी दोन षटकं वेल्डरच्या मांडणीनं क्षेत्ररक्षण लावलं. दोन षटकांत तीन झेल मिळाले, आणि तिन्ही झेल माणूस जिथं उभा होता तिथंच आले.

पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला हुरड्याला आम्ही सगळे कप्तानाच्या रानात जमलो. गोवऱ्यांच्या विस्तवात कणसं भाजायला टाकली होती, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. कप्तान कणीस चोळता चोळता थांबला. आधी हातांनी बोलला, मग आमच्यापैकी ज्यांना येत नव्हतं त्यांच्यासाठी तोंडानं. "टेम्पो माझा राहील. टीम आजपसून याची."

वेल्डर नाही म्हणाला. टॉसला काय करू, पंचाशी कसं बोलू, लोक हसतील. कप्तान म्हणाला, "माझ्या वरडण्यावर हसतच होते की."

टॉसची अडचण पहिल्याच सामन्याला आली. नाणं वर गेलं आणि वेल्डरनं डोक्याला हात लावला. म्हणजे छापा. आयोजक म्हणाला, "असं चालत न्हाई, तोंडानं सांगावं लागतंय." मी समजावायला पुढं झालो, पण वेल्डरनं मला हातानं मागं थांबवलं. खाली वाकून मातीत बोटानं लिहिलं, 'छापा', आणि आयोजकाकडे बघितलं. पंच म्हणाला, "लिहून दिलंय की राव, आणखी काय पायजे?" तो टॉस आम्ही हरलो. सामनाही हरलो. कारण वेल्डरनं महत्त्वाचं षटक मला दिलं आणि मी वीस धावा दिल्या. टेम्पोत त्यानं सगळ्यांना सांगितलं, चूक निवडणाऱ्याची, टाकणाऱ्याची नाही.

त्याच सामन्यात समालोचक माइकवरून दर दोन मिनिटांनी म्हणत होता, "झरीचे कप्तान, बिचाऱ्यांना ऐकू येत नाही, तरी बघा कसे..." आमचा जुना कप्तान सीमारेषेवरून चालत मंडपात गेला. म्हणाला, "दादा, निस्तं ते बिचारे काढा. बाकी काय म्हणायचं ते म्हणा." समालोचकानं काढलं.

पुढं एप्रिलमध्ये सोनपेठकडे खेळलो ते मी विसरणं शक्य नाही. दुपारचे दोन, मैदानात झाडाची काडी नाही, ऊन असं की बॅटची मूठ धरवत नव्हती. समोरच्यांचा एक तरुण फलंदाज चांगला खेळत होता. वेल्डर धावत आला आणि रेषेपाशी येऊन एकदम थांबला. बॉल खाली टाकला आणि तसाच सरळ खेळपट्टीवरून धावत सुटला. आम्हाला वाटलं भांडायला निघाला. पंच ओरडला, समोरचे दोघं बाहेरून आत धावले. वेल्डर पोचला आणि त्या फलंदाजाच्या काखेत हात घातले, आणि त्याच क्षणी तो फलंदाज पाय दुमडून कोसळला. त्याचं अंग तापलेलं होतं आणि घाम एक थेंब नव्हता.

मागाहून वेल्डरनं सांगितलं, बॅटचं टोक जमिनीवर थरथरताना दिसलं. बाकी आम्ही वीसजण तिथंच होतो.

सामना तिथंच थांबला. टेम्पोत ताडपत्रीवर त्याला आडवा घातला. वेल्डर त्याच्या डोक्याशी बसला, अंगातला शर्ट काढून तो भिजवून त्याच्या मानेखाली, काखेत लावत राहिला. जुन्या कप्तानानं टेम्पो असा पळवला, जसा भाजीसाठी कधी पळवला नसेल. सरकारी दवाखान्यात सलाइन लावलं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. त्या पोराचे वडील शेतातून तसेच मातीच्या पायांनी आले. त्यांना वेल्डरशी काय बोलावं कळेना. त्यांनी त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि धरूनच ठेवले. शेवटी वेल्डरनं हळूच हात सोडवून घेतले. त्यांना वाटलं, याला अवघडल्यासारखं झालं. तसं नव्हतं. त्याला बोलायचं होतं. तो म्हणाला, पोरगं चांगलं खेळतं, बरं झालं की टोपी घालून खेळायला सांगा. मी ते मोठ्यानं सांगितलं, तेव्हा वडील रडता रडता हसले.

त्या हंगामात आम्ही दोन स्पर्धा जिंकलो आणि सहा हरलो. त्याआधी सलग तीन वर्षं एकही जिंकली नव्हती.

आता माझं खेळणं थांबलंय. पाठ दुखते, म्हणून मी धावा लिहायला जातो. टीममध्ये वेल्डरशिवाय आणखी तीन बहिरे खेळाडू आहेत. एक जिंतूरचा, दोघं परभणीचे. ते चांगलं खेळतात हे कळल्यावर वेल्डर स्वतः मोटरसायकलवर त्यांच्या घरी गेला होता. टेम्पोत चौघं समोरासमोर बसतात आणि झरी सुटल्यापासून मैदान येईपर्यंत त्यांचं भांडण चालतं. जुना कप्तान आरशात बघून मधूनच हॉर्न वाजवतो, तो फक्त आम्हाला ऐकू येतो.

मागच्या रविवारी ते चौघं कशावरून तरी इतके हसले की एकाच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला निम्मंच कळलं. त्यांची बोटं माझ्यापेक्षा फार पुढं असतात. मी विचारलं, काय झालं? वेल्डरनं बाकीच्यांना थांबवलं, माझ्याकडे वळून बसला, आणि सगळी गोष्ट पहिल्यापासून, माझ्यासाठी सावकाश सांगायला सुरुवात केली.